वाचक विचारतात: ऑफिसच्या टॉवरचे हॉटेल कसे होते?

प्रश्न: अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील पीएसएफएस (फिलाडेल्फिया सेव्हिंग फंड सोसायटी) या बँकेच्या ३६ मजली इमारतीचे हॉटेल झाले. जुनी ऑफिस-इमारत अशी बदलताना अडचण कुठे येते?

उत्तर: सगळ्यात जास्त सांडपाण्यात. ऑफिसमध्ये प्रत्येक मजल्यावर स्वच्छतागृहे एकाच कोपऱ्यात असतात. हॉटेलात खोलीगणिक बाथरूम लागते. ४ इंची मैल्याच्या नळाला मीटरमागे निदान १ सेंटीमीटर उतार हवा. नळ १० मीटर आडवा नेला, तर खालच्या मजल्याची १० सेंटीमीटर उंची त्या उतारातच जाते. म्हणून शेजारच्या दोन खोल्यांची बाथरूम पाठीला पाठ लावून घ्यावीत, प्रत्येक मजल्यावर तीच जागा ठेवावी आणि दोहोंमध्ये नळांसाठी एकच उभा शाफ्ट (सर्व मजल्यांतून जाणारी पोकळ जागा) काढावा. स्लॅबला भोक पाडण्याआधी तुळया आणि सळ्या कुठून जातात ते स्कॅन करून पाहा. ही पायरी गाळली तर सळई कापली जाते आणि दुरुस्ती फार महाग पडते.

हॉवे आणि लेस्केझ या वास्तुरचनाकारांनी उभारलेली पीएसएफएसची इमारत (१९३२) मुळातच सोयीची होती. टॉवर अरुंद, आराखडा इंग्रजी ‘टी’सारखा, लिफ्ट मागच्या भागात. त्यामुळे खोल्यांना खिडक्या सहज मिळाल्या. खोल, चौकोनी टॉवरमध्ये मधली जागा अंधारी राहते, तिचे काय करायचे हा प्रश्न सुटत नाही.

२००० साली ५८१ खोल्यांचे हॉटेल सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावरचा भव्य बँकिंग हॉल समारंभांसाठी राखला, गच्चीवरची ‘पीएसएफएस’ ही २७ फुटी लाल निऑन अक्षरेही तशीच ठेवली. हे फार योग्य झाले.