बफलोच्या स्नोसाठी स्वस्त आणि टिकाऊ शव्हल कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफलोच्या उपनगरात घर घेतलं, दोन गाड्या शेजारी-शेजारी मावतील असा डांबरी ड्राइव्हवे (रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची वाट) आहे, स्नोब्लोअरचा, म्हणजे स्नो उडवणाऱ्या यंत्राचा, खर्च या वर्षी झेपणार नाही, आणि साठ-सत्तर डॉलरांत टिकाऊ शव्हल, म्हणजे स्नो काढायचं फावडं, मिळेल का. मिळेल. फक्त त्या पैशांत एक भारी शव्हल घेऊ नका, दोन साधी घ्या. मी इथे अकरा हिवाळे काढलेत आणि पहिल्या तीनांत चार शव्हलं मोडलीत, तेव्हा मोडण्याबद्दल तरी मी अधिकाराने बोलू शकते.

आधी कामाचा अंदाज घ्या. समजा तुमचा ड्राइव्हवे 20 फूट रुंद आणि 40 फूट लांब आहे. त्यावर 6 इंच स्नो पडला, तोही मध्यम, म्हणजे 10 इंच वितळवले तर 1 इंच पाणी होईल असा, तरी त्याचं वजन अकराशे किलोच्या वर जातं. सिमेंटची बावीस-तेवीस पोती. एका वेळी पाच किलो उचललं तर सव्वादोनशे वेळा वाकायचं. ओला, चिकट स्नो असेल तर हे सगळं दुप्पट धरा. आणि बफलोत 6 इंच ही काही मोठी बातमी नसते. एका हिवाळ्यात सरासरी 90 इंचांच्या वर पडतो. नोव्हेंबर 2022 मध्ये तर बफलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कला एकाच वादळात 80 इंचांच्या आसपास पडला होता.

म्हणून पहिलं शव्हल उचलायचं नाही, ढकलायचं घ्या. दुकानात त्याला पुशर म्हणतात: 24 इंच रुंद, आडवं, पन्हाळीसारखं वळलेलं पातं आणि सरळ दांडा. आपल्याकडचं फावडं आपण स्वतःकडे ओढतो. मिठागरातही लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढूनच गोळा करतात. मी उरणची, त्यामुळे पहिल्या वर्षी हातांना तीच सवय होती आणि मी शव्हल घेऊन उलटी चालत होते. शेजारचे पोलिश आजोबा बराच वेळ खिडकीतून बघत होते. शेवटी कोट घालून बाहेर आले, माझ्या हातातून शव्हल घेतलं आणि मधोमध एक पट्टा ढकलत नेऊन दाखवला. मग त्या पट्ट्यापासून डावीकडचा डावीकडे, उजवीकडचा उजवीकडे. उचलायचं जवळजवळ नाहीच. 30 इंची पुशरही मिळतो, पण ओल्या स्नोत तो भरला की जागचा हलत नाही. 24 पुरे.

प्लॅस्टिक की धातू? तुमचा ड्राइव्हवे डांबरी आहे, तेव्हा जाड प्लॅस्टिकचं पातं आणि त्याच्या कडेला धातूची पट्टी असलेलं घ्या. पट्टी नसली तर प्लॅस्टिकची कड एका हिवाळ्यात झिजून दातेरी होते. नुसतं अ‍ॅल्युमिनियम हलकं असतं, पण काँक्रीटच्या सांध्यात अडकलं की कोपरा मुडपतो. पोलाद टिकतं, पण एवढं रुंद पोलादी पातं दिवसातून तीनदा ढकलून बघा म्हणजे कळेल. धातूच्या पट्टीचाही एक त्रास आहे. वेगात ढकलताना ती एखाद्या भेगेत अडली की दांडा थेट पोटात बसतो. दांडा पोटासमोर धरू नका, कमरेच्या बाजूला धरा. घरामागे लाकडी डेक असेल तर तिथे पट्टीवालं नेऊ नका, फळ्यांवर ओरखडे उठतात. (खडीचा ड्राइव्हवे असता तर सल्ला उलटा झाला असता: पट्टी नको, आणि खालचा इंचभर स्नो तसाच दाबून राहू द्यायचा, नाहीतर एप्रिलमध्ये हिरवळीतून खडी वेचत बसावं लागतं.)

आता टिकाऊपणाचं. लोक पातं बघून शव्हल घेतात. माझ्या चारांपैकी पातं एकाचंच तुटलं. बाकीची तीन पातं आणि दांडा जिथे जुळतात तिथे गेली. तेव्हा दुकानात शव्हल उलटं करा. दांडा पात्याच्या खोबणीत किती आत गेलाय बघा, निदान चार-पाच बोटं तरी जायला हवा. तो एकाच स्क्रूवर लटकलाय का? मग खाली ठेवा. पात्याच्या पाठीवर उभ्या जाड शिरा हव्यात. पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते, ती नखाने उचलून बघा, हलली तर दुसरं घ्या. कड जमिनीला टेकवून दांड्यावर थोडा भार द्या. पातं किंचित वाकून परत आलं तर ठीक, करकरलं तर नको. दुकानातला मुलगा बघत राहील, बघू दे.

घरी आणल्यावर मी आणखी एक करते. त्या जोडावरचा स्क्रू काढते, भोक आरपार पाडते आणि पाव इंची नट-बोल्ट दोन्हीकडे वॉशर घालून आवळते. दोन डॉलरांचं काम आहे. असं केलेला माझा पुशर आठवा हिवाळा बघतोय. 32 डॉलरचा होता.

दुसरं शव्हल लागतं ते बांधासाठी. तुम्ही तासभर खपून ड्राइव्हवे चकचकीत कराल, आत जाऊन चहा ठेवाल, आणि रस्त्यावरून प्लाऊ, म्हणजे स्नो बाजूला सारणारी गाडी, जाईल. तो रस्त्यावरचा सगळा मळका, मिठाळ, गोळे झालेला स्नो तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी आडवा बांध घालून ठेवतो. हा बांध ढकलता येत नाही, उचलावाच लागतो. त्यासाठी 18 इंची, खोलगट पात्याचं, वर मुठीला इंग्रजी डी अक्षरासारखी पकड असलेलं शव्हल घ्या. पंचवीस डॉलरांच्या आसपास मिळतं. यात मोठं पातं घ्यायचा मोह टाळा. मोठं पातं भरलं जातं आणि भरलेलं तुम्ही उचलता, मग कंबर बोलते.

वाकड्या दांड्याची शव्हलं मिळतात, कमी वाकावं लागतं म्हणून. उचलायला ती बरी वाटतात, पण लांब फेकताना पातं हातात फिरतं असा माझा अनुभव. काहींना आवडतात. त्याहून उंची महत्त्वाची. शव्हल उभं केलं की मूठ छातीपाशी यायला हवी. मी पाच फूट एक इंच, नवरा पावणेसहा. आमचं एकमेकांच्या शव्हलवर कधीच जमलं नाही.

बांध थोडा कमी करायची एक युक्ती आहे, फुकट. घराकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करा. प्लाऊ तुमच्या डावीकडून येतो आणि उजवीकडे जातो. तेव्हा ड्राइव्हवेच्या तोंडाशी काढलेला सगळा स्नो उजव्या हाताला टाका, आणि डाव्या हाताला रस्त्याच्या कडेने आठ-दहा फूट जागा मोकळी करून ठेवा. प्लाऊच्या पात्यावरचं ओझं बरंचसं त्या मोकळ्या जागेत पडतं आणि तुमच्या तोंडाशी कमी येतं. स्नो रस्त्यावर मात्र लोटू नका, त्याला मनाई आहे. आणि घरासमोरचा फुटपाथ साफ ठेवणं हेही बहुतेक ठिकाणी घरमालकाकडेच येतं, तो हिशेबात धरा.

मराठीत स्नो आणि आइस दोन्हीला आपण बर्फच म्हणतो, आणि माझं पहिलं शव्हल त्या भाषेनेच मोडलं म्हणा ना. बर्फाचं शव्हल आहे, तर बर्फ निघेल! डांबराला चिकटलेला कडक थर पहारेसारखा उचकटायला गेले आणि दांडा हातात, पातं जमिनीवर. कडक थरासाठी वेगळं हत्यार असतं, आइस चॉपर, सपाट पोलादी पात्याचं. ते लगेच घेऊ नका. साधं मीठ टाकून वाट बघा, साधारण उणे 9 सेल्सिअसपर्यंत ते काम करतं. त्याखाली कॅल्शियम क्लोराइड लागतं, ते महाग आहे. स्नो पायाखाली किंवा चाकाखाली दाबला जाण्याआधी काढला तर या दोन्हींची गरज पुष्कळ कमी होते. म्हणून मोठ्या वादळात मी सगळं थांबायची वाट बघत नाही. तीन-चार इंच झाले की एक फेरी मारते.

चिकट स्नोच्या दिवशी पात्याला स्वयंपाकाच्या तेलाचा स्प्रे मारा, किंवा मेणबत्ती घासा. गोळा पात्याला धरून बसत नाही. असे दिवस नोव्हेंबर-डिसेंबरात जास्त येतात, कारण बफलोलगतचं ईरी सरोवर तेव्हा अजून उबदार असतं आणि त्यावरून येणारी थंड हवा पाणी उचलून आणते. सरोवर गोठलं की हा प्रकार ओसरतो.

घरी कोणी पन्नाशीच्या पुढचं असेल, किंवा बीपी, हृदयाचा त्रास असेल, तर त्यांच्या हातात शव्हल देऊ नका. थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्यात हातांनी ओझं उचलताना माणूस श्वास धरतो. माझे सासरे इथे आले की "त्यात काय एवढं" म्हणत बूट घालतात. मी त्यांना कारच्या काचा पुसायला देते.

खरेदी ऑक्टोबरातच उरका. वादळाचा अंदाज टीव्हीवर आला की संध्याकाळपर्यंत दुकानात फक्त लहान मुलांची शव्हलं उरतात. किंवा मार्च-एप्रिलमध्ये उरलेला माल स्वस्तात निघतो, तेव्हा पुढच्या वर्षीचं घ्या.

आणि दोन्हींपैकी लहान शव्हल गॅरेजमध्ये ठेवू नका, घरात, पुढच्या दाराच्या आत ठेवा. पुढच्या दाराला बाहेरून आणखी एक काचेचं दार असतं, ते बाहेर उघडतं. त्याच्यापुढे दोन फूट स्नो साचला की ते चार बोटं उघडतं, पुढे नाही. त्या फटीतून 18 इंची शव्हल तिरकं करून बाहेर काढता येतं. आमचा पुशर तेव्हा गॅरेजमध्ये होता.