धंदा तिचा, डायरेक्टर तुम्ही?

प्रश्न : माझी मुलगी २४ वर्षांची, फूड टेक्नॉलॉजीत बी.टेक. दीड वर्षापासून ती सांगलीत घरीच हळद आणि मसाले करून विकते. महिन्याला ६० हजारांच्या आसपास विक्री होते. आता रीतसर नोंदणी करायची आहे. प्रायव्हेट लिमिटेड करावी असं माझं मत आहे, म्हणजे घरावर बोजा येणार नाही आणि बँकही उभं करून घेईल. मुलगी उद्या सासरी जाईल, म्हणून डायरेक्टर आणि भागधारक मी आणि पुण्यात आयटीत असलेला मुलगा. ती मात्र ‘सध्या माझ्या एकटीच्या नावावर करू’ म्हणून हटून बसली आहे. तिला समजवा.
— एक पालक, सांगली

उत्तर : तिला काय समजावू? पत्रात विक्रीचा आकडा आहे, मुलाची नोकरी आहे. पण ही गिऱ्हाइकं तिने कशी जमवली, याबद्दल एक शब्द नाही. मिरचीच्या खकाण्यात ती राबणार, दुकानदारांकडे उधारीचे तगादे ती लावणार, आणि शेअर बाप-भावाच्या नावावर. एकही शेअर नसेल तर त्या कंपनीत ती फार तर पगारी नोकर ठरेल. पगाराचंही तुम्ही काही लिहिलेलं नाही.

लग्न ठरलंय का? तसं पत्रात दिसत नाही. ठरलं तरी काय बिघडतं? एकल मालकीचा धंदा तिच्या पॅनवर चालतो, आणि आडनाव बदललं तरी पॅन क्रमांक बदलत नाही. जागा बदलली तर अन्नसुरक्षेची नोंदणी नव्या पत्त्यावर काढावी लागेल. ते होईल. तुमची खरी भीती धंदा घराबाहेर जाईल ही असेल, तर तसं तिच्याशी स्पष्ट बोला. कंपनी कायद्याच्या आडून नको.

आता ‘लिमिटेड केली की घराला धक्का नाही’ याबद्दल. भागधारकाची जबाबदारी त्याच्या भांडवलापुरती, हे खरं, आणि पुरवठादारांची देणी थकली तर त्याचा उपयोगही होतो. पण कालपरवा जन्मलेल्या कंपनीला बँक कोणाच्या तोंडाकडे बघून कर्ज देणार? ती डायरेक्टरांची वैयक्तिक हमी मागते. त्या कागदावर सही केलीत की हप्ते थकल्यावर वसुलीला माणूस तुमच्याच दारात येतो. उलट खर्च मात्र चुकत नाही. विक्री शून्य असली तरी दरवर्षी सीएकडून ऑडिट. ताळेबंद आणि वार्षिक विवरण भरायला उशीर झाला तर दर फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. सलग तीन वर्षं भरलं नाही तर डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र. (मुलाला विचारलंत का? बाहेर डायरेक्टर व्हायला परवानगी लागते, असं कलम नोकरीच्या करारात पुष्कळदा असतं.) मुद्रा कर्ज एकल मालकीलाही मिळतं.

एलएलपीला (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला) दोन भागीदार लागतात, एकव्यक्ती कंपनीलाही ऑडिट आहेच. दोन्ही आज नकोत. उद्या कोणी भांडवल घालायला आलं, तर तेव्हा कंपनी करता येईल.

मुलीचं बरोबर आहे. अन्नसुरक्षेची नोंदणी नसेल तर ती सगळ्यात आधी, कारण दीड वर्ष माल विकला जातोय. मग उद्यम, म्हणजे लघुउद्योग म्हणून नोंदणी. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, पैसे मागणारा एजंट भेटला तर उठून यावं. गुमास्त्यासाठी (दुकान-आस्थापना नोंदणीसाठी) मोजकेच कामगार असतील तर नुसती सूचना पुरते. चालू खातं उघडावं. जीएसटीसाठी मालाची मर्यादा वर्षाला ४० लाख, तिची विक्री सात-सव्वासात लाख. मात्र माल कर्नाटकात विकायचा झाला तर पहिल्या पाकिटापासून नोंदणी लागेल, आणि सांगलीहून सीमा काही लांब नाही.

तुम्हाला पैसे घालायचेच असतील तर ट्रेडमार्कवर, म्हणजे ब्रँडच्या नावाच्या नोंदणीवर घाला. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाला मालाच्या एका वर्गाचे ४,५०० रुपये पडतात. मसाल्यांचा वर्ग ३०. अर्जदाराच्या रकान्यात तिचं नाव.