रसायनांचे वर्ग चुकतायत? आधी यादी तपासा

प्रयोगशाळेतल्या साठ्याची यादी क्लासीफायरला (ClassyFire, रसायनांचे वर्ग ठरवणारं सॉफ्टवेअर) दिली तर डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दोन ठिकाणी आलं आणि बरेच कॅस नंबर (रसायनांचे ठरलेले ओळख क्रमांक) जुळलेच नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. अगदी हेच आम्ही भोगलंय. स्माइल्स (रेणूची रचना अक्षरांत लिहायची पद्धत) वगैरे तुम्हाला येतच असणार, ते सोडतो.

क्लासीफायर फक्त रचना बघतो. रेणूतल्या सर्वांत मोठ्या रचना-गटावरून मुख्य वर्ग ठरवतो. रचनेसोबत सोडियम आला, जसा डायक्लोफेनॅकच्या सोडियम क्षारात, की त्याच्या लेखी ते वेगळंच संयुग. म्हणून आधी आरडीकिटने (रेणूंच्या रचना हाताळणारं सॉफ्टवेअर) काउंटर आयन, म्हणजे सोबतचा विरुद्ध चार्जचा आयन, काढा, चार्ज न्यूट्रल करा आणि मूळ रचना वेगळ्या कॉलममध्ये जपून ठेवा. बर्बेरीन क्लोराइडमधला क्लोराइड गेला तरी नायट्रोजनवरचा धन चार्ज राहणारच, त्याच्या मागे लागू नका. कर्क्युमिनच्या कीटो आणि ईनॉल रूपांची (हायड्रोजनची जागा बदलून होणारी दोन रूपं) इनचीकी, म्हणजे रचनेवरून बनणारा ओळख-कोड, वेगळी येते, तेही बघून घ्या.

पण आमचा खरा वेळ खाल्ला तो कॅस नंबरांनी. ज्या विभागाने यादी दिली (नाव घेत नाही), त्यांनी ती एक्सेलमध्ये उघडून तशीच सेव्ह केली होती. पोटॅशियम क्लोरेटचा नंबर ३८११-०४-९. एक्सेलला ती सन ३८११ मधली ९ एप्रिल वाटते, आणि नंबराची तारीख होते. मूळ फाइल मागितली तर 'आमच्याकडे हीच आहे'. मग अर्ज द्या, मग साहेबांची सही आणा. शेवटी फाइल त्यांच्याच कॉम्प्युटरवर निघाली! माहिती देणाऱ्याला पुढे ती वापरणाऱ्याची एवढीही फिकीर नसावी, याचा मला अजून राग येतो. तुमच्या यादीत तारखा दिसल्या तर हाताने दुरुस्त करत बसू नका, मूळ फाइलच मागा आणि तो कॉलम टेक्स्ट म्हणून उघडा. शेवटचा अंक पडताळणीचा असतो: तो सोडून बाकीचे अंक उजवीकडून १, २, ३ असे गुणत जा आणि बेरीज करा. त्या बेरजेचा शेवटचा अंक तोच यायला हवा. इथे ६९ येते, म्हणून ९.

वनस्पतिजन्य संयुगं जास्त असतील तर एनपीक्लासिफायरही (नैसर्गिक संयुगांसाठीचं तसंच सॉफ्टवेअर) चालवून बघा. तो टर्पिनॉइड, अल्कलॉइड अशा जैवसंश्लेषणाच्या ७ मार्गांपासून सुरुवात करतो. माझ्या मते अशा साठ्याला तोच बरा, पण हे माझ्या कामापुरतं.

एक मात्र नक्की: या वर्गांवरून बाटल्या कपाटात लावू नका. पोटॅशियम क्लोरेट जोरदार ऑक्सिडायझर आहे, तो सेंद्रिय पदार्थांजवळ ठेवायचा नसतो. त्यासाठी प्रत्येक रसायनाचं सेफ्टी डेटा शीटच बघा.