ट्रॅकवर नेण्याच्या ऑक्टेव्हिया आरएसमध्ये ५डब्ल्यू-३० ऐवजी १०डब्ल्यू-६० ऑइल टाकावं का?

तुमची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस २३० आहे, वर्षातून तीन-चार वेळा ट्रॅक डेला (रेस ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायच्या दिवसाला) जाते, सर्व्हिसमध्ये ५डब्ल्यू-३० ग्रेडचं इंजिन ऑइल भरलंय आणि मित्र म्हणतोय की ट्रॅकवर जायचं तर त्याहून जाड १०डब्ल्यू-६० टाक. रेसिंग ऑइल चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: टाकू नका. व्हीडब्ल्यू ५०२ ०० मान्यतेचं (म्हणजे स्कोडाची मालक कंपनी फोक्सवॅगनने तपासून मान्य केलेलं) चांगलं ५डब्ल्यू-४० किंवा ०डब्ल्यू-४० घ्या, ते कंपनीच्या मुदतीच्या बरंच आधी बदला, आणि ट्रॅकवर उतरताना पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेला असू द्या. तिन्हींपैकी एकच जमणार असेल, तर पातळीचं तेवढं पाळा.

पातळी आधी का, ते सांगतो. माझ्याकडेही हेच दोन लिटरचं टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन आहे. एका हिवाळ्यात पुण्याहून ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर गाडी चालवत घेऊन गेलो, म्हणजे जवळपास दीड हजार किलोमीटर हायवे. निघताना ऑइल पाहिलं होतं, पोचल्यावर पाहिलं नाही. हायवेला वेगात चालवलं की हे इंजिन थोडं ऑइल खातं, हे माहीत असूनही. दुसऱ्या सेशनमध्ये १० आणि ११ क्रमांकाच्या त्या लांबलचक वळणात ऑइल प्रेशरचा लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. पिटमध्ये येऊन डिपस्टिकची काडी काढली तर ऑइल खालच्या खुणेला टेकलेलं. लांब वळणात इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं ऑइल एका बाजूला चढतं, पंपाचं तोंड उघडं पडतं आणि पंप हवा ओढतो. त्या एक-दोन सेकंदांत बेअरिंगवर तेलाचा थर राहत नाही. परत आल्यावर चेंबर उतरवून बिगएंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथले) पाहिले, त्यांतल्या दोन बेअरिंगचा वरचा थर घासला गेला होता. वेळेत बदलले म्हणून क्रँक वाचला. गाडीत ऑइल उत्तम होतं. ते पंपापर्यंत पोचलंच नाही, तर त्याच्या ग्रेडचा काय उपयोग?

म्हणून ट्रॅकवर पोचलात की गाडी सपाटीवर उभी करा, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा आणि काडी बघा. दर दोन सेशननंतर पुन्हा बघा. एक लिटरचा डबा डिकीत ठेवा. वरच्या खुणेच्या वर मात्र भरू नका, क्रँक ऑइलमध्ये बुडून ते घुसळलं जातं, फेस येतो, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच.

आता ग्रेड. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांवर होते, १०डब्ल्यूची उणे २५ वर. आपल्याकडे त्याने फारसं बिघडत नाही. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं ते सांगतो: ‘३०’ म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (दाटपणाचं एकक), ‘४०’ म्हणजे १२.५ ते १६.३. ट्रॅकवर ऑइल १०० ला थांबत नाही. चेन्नईच्या ट्रॅकवर उन्हात सलग पाच-सहा लॅप मारल्या की माझ्या गाडीत ते १३० पर्यंत जातं, आणि तिथे त्याचा दाटपणा १०० अंशांच्या मानाने जवळपास निम्म्यावर येतो.

बेअरिंगच्या दृष्टीने मात्र खरा आकडा आहे एचटीएचएस (हाय टेंपरेचर हाय शिअर). १५० अंशांवर, जोरात घासलं जात असताना ऑइल किती दाट राहतं, याचं हे माप. डब्यावर तो सहसा नसतो, कंपनीच्या डेटाशीटमध्ये असतो. नुसत्या एपीआय या अमेरिकन मानकाचं ५डब्ल्यू-३० असेल तर तो २.९ च्या आसपासही असू शकतो. व्हीडब्ल्यू ५०२ ०० किंवा ५०४ ०० च्या ऑइलला किमान ३.५ लागतोच. म्हणून सर्व्हिसमध्ये भरलेलं तुमचं ५डब्ल्यू-३० खरोखर ५०४ ०० मान्यतेचं असेल, तर ते मित्र समजतो तितकं पातळ नाही. बिल काढून नाव बघा. ५०८ ०० चं ०डब्ल्यू-२० कुणी स्वस्तात देऊ केलं तर मात्र हात लावू नका, ते दुसऱ्याच पिढीच्या इंजिनांसाठी आहे.

१०डब्ल्यू-६० ची ख्याती आली ती बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांमुळे. ई४६ एम३ चं ८,००० आरपीएमपर्यंत फिरणारं इंजिन त्या ऑइलवर चालतं, कारण कंपनीने तसंच ठरवलंय. आपल्या इंजिनात परिस्थिती वेगळी आहे. ऑइल पंप गरजेप्रमाणे दाब बदलतो, कॅम ॲडजस्टरच्या (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागे-पुढे करणाऱ्या भागाच्या) वाटा अरुंद आहेत, आणि जाड ऑइल त्यांतून सावकाश जातं. गेजवर दाब वाढलेला दिसतो आणि माणूस खूश होतो, पण दाब वाढला म्हणजे प्रवाह वाढला असं नाही. शिवाय जाड ऑइल घासताना स्वतःच जास्त तापतं. १० ते ६० एवढी मोठी झेप घ्यायला त्यात तापल्यावर दाटपणा टिकवणारे पॉलिमर जास्त घालावे लागतात, ते ट्रॅकवर तुटतात आणि ६० चं ऑइल हळूहळू ६० राहत नाही.

रेसिंग ऑइलचंही विचारलंय. मोटुल ३००व्ही सारखं एस्टरवालं (एका प्रकारच्या सिंथेटिक तेलाचं) ऑइल उष्णतेत फार छान टिकतं, त्याबद्दल मला आदर आहे. पण त्याला गाडी कंपनीची मान्यता नाही, आणि ते महिनोन्‌महिने रस्त्यावर चालवण्यासाठी बनवलेलं नाही. ज्यांची गाडी ट्रेलरवर येते-जाते आणि प्रत्येक इव्हेंटनंतर ऑइल बदलायचं ठरलेलं आहे, अशांनी ते जरूर वापरावं. तुमची गाडी सोमवारी ऑफिसलाही जाते.

नावं हवी असतील तर मोबिल १ चं ०डब्ल्यू-४० आणि शेल हेलिक्स अल्ट्रा ५डब्ल्यू-४० ही दोन्ही ५०२ ०० ची आहेत. मोबिलच्या त्या ऑइलला पोर्शेची ए४० मान्यताही आहे. डब्यावर ‘अप्रूव्हल’ खाली आकडा हवा, ‘सुटेबल फॉर’ ही विक्रेत्याची भाषा आहे. एपीआय एसपी असेल तर अधिक चांगलं. टर्बो इंजिनात कमी आरपीएमला जोर लावला की अवेळी स्फोट होतो, तो टाळण्याची चाचणी त्या मानकात आहे. आणि डबा अधिकृत वितरकाकडूनच घ्या. ऑनलाइन निम्म्या किमतीत दिसला तर सोडून द्या, डुप्लिकेटचा धंदा मोठा आहे. रिकामा डबा फेकताना मी त्याला भोक पाडतो.

बदलायचं कधी? शहरातल्या छोट्या फेऱ्यांत थेट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ४० चं ऑइल ३० सारखं होतं. काडीला पेट्रोलचा वास आला तर समजा. मी ट्रॅक डेच्या आधी ताजं ऑइल भरतो, दोन ट्रॅक डे किंवा ५,००० किलोमीटर, जे आधी होईल तेव्हा बदलतो, आणि वर्षातून एकदा जुन्या ऑइलचा नमुना लॅबला देतो. तांबं आणि लोखंड किती वाढलं, पेट्रोल किती मिसळलं, हे तिथे कागदावर येतं.

आणखी एक, ब्रेक फ्लुइडही ताजं भरून घ्या. ते उकळलं तर ऑइलची चर्चा करायला वेळ मिळणार नाही.

पुढच्या वेळी डॅशबोर्डवरच्या डिस्प्लेला ऑइल टेंपरेचर लावून ठेवा. कूलंटचा काटा मध्यावर आला तरी ऑइल थंडच असतं, ते ८० च्या वर गेल्याशिवाय जोर लावू नका. १३५ दिसलं की पाय काढा आणि एक लॅप सावकाश मारून पिटमध्ये या. प्रत्येक सेशनचा सर्वांत वरचा आकडा आणि लॅपची संख्या लिहून इथे टाका. तो सतत १४० कडे जात असेल तर प्रश्न ऑइलचा उरत नाही, वेगळा ऑइल कूलर बसवावा लागेल, आणि तो कुठे व कसा ते तुमचे आकडे पाहून सांगेन.