लावणीनंतर पाण्याखाली गेलेली भाताची रोपे जगतात का?

लावणीला आठवडाही झालेला नसताना बळ्ळारी नाल्याचे पाणी शिवारात शिरले, तर रोपे वाचतील का, असा आपला प्रश्न आहे. शेंडे पाण्याबाहेर असतील तर काळजी नको. पानांनी घेतलेली हवा देठातील पोकळ्यांतून मुळांपर्यंत पोहोचते. खरा धोका रोप पूर्ण बुडाल्यावर असतो, कारण गढूळ पाण्यात उजेड आणि हवा दोन्ही तुटतात. तेव्हा साधे वाण वर येण्यासाठी भराभर उंच वाढते, साठवलेले अन्न संपवते आणि पाणी ओसरताच आडवे पडते. 'स्वर्णा सब-१' या वाणातील जनुक मात्र ही वाढच रोखून धरते, त्यामुळे ते साधारण दोन आठवडे तग धरू शकते. हे जनुक ओडिशाच्या एका जुन्या भातातून मिळाले.

पाणी उतरल्यावर पाने पिवळी, चिखलाने माखलेली दिसतील, तरी लगेच नांगर घालू नये. एखादे रोप उपटून बुडखा दाबून पाहावा: तो घट्ट व आतून पांढरट असेल तर नवा कोंब फुटण्याची आशा आहे, मऊ पडून कुजका वास आला तर तिथे नांगे भरावेत, म्हणजे त्या रिकाम्या जागी दुसरे रोप लावावे. नवी पाने दिसेपर्यंत युरिया टाकू नये.