भीती वाटते, म्हणजे शिकवणं माझं काम नव्हे का?

‘शिकवायची मनापासून इच्छा आहे, पण वर्गासमोर उभं राहायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. मग हे माझं क्षेत्रच नाही का?’ हा प्रश्न इतक्या जणांकडून ऐकलाय, की एकदा त्यावर लिहूनच टाकावं म्हटलं. विचारणारे बहुतेक दुसरं काम सोडून आलेले असतात. खरी ओढ असेल तर भीती वाटता कामा नये, अशी त्यांची ठाम समजूत.

अशीच एकजण आली होती. (तपशील बदललेत.) बरीच वर्षं हिशेबाच्या कामात. ऑफिसात नवख्यांना काम समजावायचं म्हटलं की सगळे हिलाच हाक मारत. त्यातून शिकवण्याची गोडी लागली, रीतसर प्रशिक्षण घेतलं, आणि पहिल्याच तासाला सगळा धडा निम्म्या वेळात उरकून बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या.

‘मी घाबरलेय हे मुलांना कळलं, मॅडम.’

‘कशावरून?’

‘आवाज कापत होता.’

‘असं मुलं म्हणाली?’

‘नाही, पण दिसत असणारच ना!’

बोलणाऱ्याला आपली घालमेल जितकी उघड वाटते, तितकी ती समोरच्यांना दिसत नाही. केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ साली हे प्रयोगातून दाखवलं. ज्यांना ही गोष्ट आधी समजावून सांगितली, त्यांची भाषणंही सरस झाली. तिला हे सांगितल्यावर बरं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने जाणारी मी. प्रसंगापेक्षा आपण त्याला लावलेली अट जास्त छळते, असं मानणारी. म्हणून विचारलं, ‘पहिल्याच तासाला उत्तम शिकवता आलं पाहिजे, हा नियम कुणी केला?’ ती हसली. हसू आलं की अट थोडी सैल होते, हा माझा अनुभव.

खरी गाठ मात्र पुढच्या प्रश्नाने सुटली. तो नेमक्या वेळी सुचला, याचं मला आजही समाधान आहे.

‘ऑफिसात कुणाला समजावताना तुमचं लक्ष कुठे असायचं?’

‘त्याच्याकडे. अडलं की पेन नुसतं कागदावर टेकवून बसायचा. लगेच कळायचं.’

‘आणि वर्गात?’

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ‘माझ्याकडेच होतं.’

एवढंच हवं होतं. तिला एकच काम दिलं: प्रश्न विचारायचा, मनात तीन आकडे मोजायचे आणि तोवर फक्त चेहरे बघायचे. प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबले तर जास्त मुलं बोलतात आणि उत्तरंही लांबतात, हे मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकातच दाखवलंय.

पुढच्या वेळी ती बोलतच आत आली. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, असं विचारून ती थांबली होती. एक मुलगी म्हणाली, ‘चतुर्थांश, कारण तीनापेक्षा चार मोठे.’

‘नुसतं चूक म्हणून पुढे जाववेना, मॅडम. तिच्या जागी ते बरोबरच होतं ना! मग सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या दिल्या. एकीचे तीन भाग करवले, दुसरीचे चार. एकेक तुकडा शेजारी ठेवून बघितला आणि ओरडली, अय्या, वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो!’

‘आवाज कापत होता?’

‘कुणास ठाऊक!’

ओढ ओळखायची माझी खूण हीच. चुकलेल्या उत्तराबद्दल कुतूहल वाटतं का? भीतीवरून यातलं काहीच कळत नाही. पहिल्या पाच मिनिटांत बोलायचा शब्दन्‌शब्द तयार ठेवा, हाताशी एखादं जास्तीचं उदाहरण असू द्या. ‘मी नवीन आहे, सांभाळून घ्या’ असं मुलांना सांगू नका. एखाद्या अनुभवी सहकाऱ्याला मागे बसवा आणि ‘मी कसं शिकवलं?’ याऐवजी ‘मुलं कुठे अडली?’ हे विचारा. आठवडेच्या आठवडे झोप उडाली, तासाआधी उलट्या होऊ लागल्या, तर मात्र अशा लेखांवर विसंबू नका, प्रत्यक्ष मदत घ्या. आणि वर्षभरानंतरही चुकीच्या उत्तराची नुसती चीडच येत असेल, तर दुसरं काम शोधण्यात कमीपणा नाही.

तिचे हात पहिल्या तासाला अजूनही थरथरतात. परवाच्या फोनवर मात्र तिला वेगळंच हवं होतं: अपूर्णांकांची बेरीज करताना मुलं छेदांचीही बेरीज का करतात? म्हटलं, मला कशाला विचारता, उद्या त्यांनाच विचारा की!