आधी चालायला लागा

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं निदान कळलं की सगळं आयुष्य एका दिवसात बदलावंसं वाटतं. तसं करू नका. आधी चालायला लागा. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या 'चॅलेंज' चाचणीत याच कॅन्सरचे 889 रुग्ण होते. केमोनंतर तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम केलेल्यांपैकी सुमारे 80 टक्के लोक पाच वर्षांनी आजार न उलटता जगत होते. नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांत 74 टक्के. आठवड्यातून तीन-चारदा पाऊण तास भरभर चालणंही पुरतं, पण सुरुवात दहा मिनिटांनी करा आणि डॉक्टरांना विचारून.

ऑक्झालिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर थंडीला जपा. फ्रिजमधली बाटली उचलली तरी बोटांत मुंग्या येतात, गार घोटाने घसा आवळल्यासारखा होतो. हातमोजे फ्रिजवरच ठेवा, पाणी कोमट प्या. मुंग्या पुढच्या केमोपर्यंत टिकल्या तर सांगाच, डोस बदलता येतो.

तंबाखू बंद, दारूही. ऑपरेशननंतर जेवणातला चोथा (फायबर) लगेच वाढवू नका. आहारतज्ज्ञ सांगतील तसा हळूहळू. शौचाच्या वेळांची वही ठेवा, कशाने पोट बिघडतं ते कळतं.

आणि रात्री झोप येत नसेल, रडू आवरत नसेल, तर तेही तपासणीला गेल्यावर बोला. त्यावरही उपचार आहेत.